आकड्याची काठी

मेस्किट वेल्स, टेक्सास
३१ ऑगस्ट, रविवार

प्रिय भार्गव,

तीर्थरूप लिहावं तर तू माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा, आणि चिरंजीव लिहावं तर तुझा राग माझ्याहून वडील. म्हणून नुसतं प्रिय. दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं. सुनंदावहिनींनी फोटो काढून पाठवलेला तुझा कागद मी फोनवर उलटसुलट करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलं असेल म्हणून. फोटोला मागची बाजू नसते हे जरा उशिरा लक्षात आलं.

कागदावर एकच वाक्य: "अमेरिकन फुटबॉल नावाच्या प्रकारात खेळ दर अर्ध्या मिनिटाला का थांबतो, ते कळवावे." ना वर 'प्रिय', ना खाली 'तुझा'. घाणेकरशास्त्र्यांच्या पाठशाळेत एका चटईवर बसून आपण सूत्रं घोकली, तेव्हा ते सांगायचे की अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो. तुला या कागदाने जुळं झालं असावं.

मृण्मयीचं नाव तुझ्या कागदात नाही, तेव्हा माझ्याही पत्रात ते आणायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तिसऱ्याच परिच्छेदात आलं. तिच्या लग्नाला तू आला नाहीस. "पोरांना ढकलाढकली शिकवून पगार घेणारा" नवरा तिने केला म्हणून नंतर तिच्याशी बोलला नाहीस. आणि ती इकडे शिकायला आली असताना पहिला सामना दाखवायला तिला मी नेलं, म्हणून माझ्याशीही नाही. वहिनी तिच्याशी रोज फोनवर बोलतात, तेव्हा तू अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालतोस म्हणे. जास्वंद कुजायला आली आहे असं वहिनी म्हणाल्या. हे सगळं संपावं आणि तू स्वतःच्या पोरीशी बोलावंस एवढीच माझी इच्छा. ती मी लपवत नाही. आता खेळाकडे वळतो.

चेंडू ज्या संघाच्या हातात, त्याला चार संधी मिळतात. इकडे एकेका संधीला डाऊन म्हणतात, आपण डाव म्हणू. चार डावांत मिळून चेंडू दहा वार पुढे न्यायचा. वार म्हणजे आपला कापडाचा वार. वहिनींचं नऊवारी लुगडं जमिनीवर पसर, पुढे आणखी एक वार धर, झालं तेवढं अंतर. तेवढं गाठलं की पुन्हा नवे चार डाव. नाही गाठलं, तर चेंडू समोरच्यांचा. चेंडूवाल्याला कुणी पाडलं की डाव संपतो. मग सगळे उठतात, चिखल झटकतात, पुढच्या डावात काय करायचं ते कोंडाळं करून ठरवतात, आणि पुन्हा समोरासमोर उभे राहतात. तुला जे थांबणं वाटतं तो पूर्णविराम आहे. पूर्णविरामावर चिडणारा वैयाकरण मी प्रथमच पाहतो आहे.

असं करत करत चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. आणि हो, फुटबॉल असला तरी पायाला काम फार थोडं. नावावर जाऊ नकोस.

तुझा
अनंता

ता. क. तू सामना पाहिलास कुठे? आमच्या शाळेचे सामने संगणकावर दिसतात खरे. इथे शुक्रवारी संध्याकाळचे सात, म्हणजे तुझ्याकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच. तुझी आन्हिकाची वेळ. मी काही विचारत नाही.


१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय भार्गव,

या वेळी कागद पूर्ण भरलेला. प्रगती आहे. आक्षेपांना तू क्रमांकही घातले आहेस.

बावीस जण एकदम धावतात तेव्हा कुणाकडे पाहायचं, हा तुझा पहिला प्रश्न. क्वार्टरबॅककडे पाहा. तो सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो. त्याने तो एक तर मागून येणाऱ्या गड्याला सोपवायचा, नाही तर पुढे लांब फेकायचा. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही आणि जमिनीला लागला, तर डाव वाया, चेंडू होता तिथेच परत, आणि घड्याळ थांबतं. घड्याळाचं लक्षात ठेव. या खेळात लोक शत्रूपेक्षा घड्याळाला जास्त भितात.

तिसरा प्रश्न: "खेळाडू पडल्यावर मैदानात धावत जाणाऱ्या व्यक्तीची नेमणूक कोण करते व तिची पात्रता काय?" भार्गवा, या खेळावर हजारो पानांचं वाङ्मय आहे, पण हा प्रश्न पूर्वी कुणी विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नेमणूक शाळा करते. पात्रता म्हणजे हाडं-स्नायूंचं रीतसर शिक्षण आणि सरकारी परवाना. सध्या आमच्या शाळेत त्या जागी सांगलीची एक फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या मुलाला ती आधी इंग्रजीत धीर देते, आणि मग तो लगेच उठू बघायला लागला की मराठीत झापते: "गप पड, मेल्या!" मुलांना ती लॅटिन वाटते, कारण मी वर्गात शिकवतो ती लॅटिनही त्यांना तशीच ऐकू येते.

वहिनींकडून कळलं की परवा आमच्या एका पोराचा घोटा मुरगळला तेव्हा तू खुर्चीतून पुढे सरकलास आणि तुझा चहा सांडला. साऱ्या पृथ्वीवर आमच्या मुलांना दुखापत झाली की ज्याचा चेहरा खुलतो असा तू एकमेव प्रेक्षक असशील.

आता पाचवा प्रश्न: कडेला नारिंगी बंड्या घालून काठ्या धरलेले लोक कोण? त्यांतला एक मी. हसू नकोस. दहा वार म्हणजे किती हे डोळ्यांनी ठरवलं तर गावात खून पडतील, म्हणून दोन काठ्यांना दहा वारांची साखळी बांधतात. पहिला डाव जिथून सुरू झाला तिथे एक काठी, दहा वारांवर दुसरी. मागची काठी माझी. तिसरी काठी वेगळी. तिच्या डोक्यावर उलटता येणारे आकडे असतात. कितवा डाव चालू आहे ते एक, दोन, तीन, चार असं त्यावर दिसतं, आणि चेंडू जिथे पडला तिथे ती नेऊन ठेवायची. ही आकड्याची काठी गेली कित्येक वर्षं अर्ल टॅकेटच्या हातात आहे. अर्ल म्हणजे कोचचा बाप. पर्यायाने तुझा व्याही. तुला आवडो न आवडो.

मी या गावात आलो त्या वर्षी अर्ल माझ्या दारात येऊन उभा राहिला. टोपी न काढता म्हणाला, "मास्तर, दहापर्यंत मोजता येतं?"

"येतं."

"आणि तोंड बंद ठेवता येतं?"

"मी शिक्षक आहे."

"म्हणजे नाही. असू दे, शिकशील."

साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. अर्लचा स्वतःचा मुलगा समोर घसा फोडत असतो, आणि अर्ल बुजगावण्यासारखा निर्विकार. सामना संपला की मात्र तो गाडीत बसून दार लावतो, काचा वर करतो, आणि आत एकटाच आरडाओरडा करतो. आम्ही बाहेर थांबतो.

तुझा
अनंता


५ ऑक्टोबर, रविवार

प्रिय भार्गव,

पिवळं फडकं कुणी आणि का फेकलं, असं विचारलं आहेस. पंच फेकतात. अपराध दिसला की ध्वज टाकायचा. चेंडू हलण्याआधीच रेषा ओलांडली, चेंडू नसलेल्याला धरून ठेवलं, तोंडावरची जाळी ओढली, असे नाना अपराध, आणि त्यांना पाच, दहा, पंधरा वारांचे दंड. तितके वार मागे जायचं. सामान्य नियम, म्हणजे आपले उत्सर्ग, थोडे, अपवाद फार. तुझं मन इथे रमेल.

पण या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. दंड घ्यायचा की नाही, हे ज्याच्यावर अन्याय झाला तो ठरवतो. परवा समोरचा गडी डाव सुरू व्हायच्या आत रेषेच्या अलीकडे आला. ध्वज पडला. पण त्याच डावात आमच्या मुलाने चाळीस वारांची फेक झेलली होती. पंचांनी ट्रॅव्हिसला विचारलं, "कोच, दंड घेणार?" तो म्हणाला, "नको सर, आम्ही आहोत तिथे बरे आहोत."

नीट लक्ष दे. दंड नाकारला म्हणून अपराध झालाच नाही असं होत नाही. पंच सगळ्या गावासमोर अपराधाचं नाव घेतात, कुणी केला ते सांगतात. मग ज्याचं नुकसान झालं तो म्हणतो, राहू द्या. त्याचा मान तसूभर कमी होत नाही, आणि खेळ चाळीस वार पुढे जातो. विकल्पाचं महत्त्व तुला मी काय सांगावं. मी फक्त नियम कळवतो आहे.

शेवटचा प्रश्न तू फार आडवळणाने विचारलास. "औषधोपचार करणारी व्यक्ती पाण्याच्या बाटल्या घेऊन सदैव मैदानाच्या मधल्या रेषेजवळच उभी असते. असा नियम आहे काय?" बघावं लागेल. नियमांचं पुस्तक जाड आहे. सापडलं की कळवतो.

ट्रॅव्हिसबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. फक्त एवढंच, की गेल्या मंगळवारी तो माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि विचारलं, "रिझ, सासऱ्यांना मराठीत काय म्हणतात? म्हणजे तोंडावर." रिसबूड हे आडनाव इथे कुणाच्या जिभेला झेपत नाही, म्हणून मी रिझ. मी म्हटलं, "बाबा." तो पार्किंगपर्यंत "बाबा, बाबा" म्हणत गेला. दुसऱ्या 'बा'वर फार जोर देतो. सुधारेल.

तुझा
अनंता


२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय भार्गव,

तू माझ्या सगळ्या परिच्छेदांना क्रमवार उत्तरं दिलीस. दंड नाकारण्याचा तेवढा क्रमांक गाळलास. लेखनिकाची चूक समजतो.

गुणांचं कोष्टक: टचडाऊनचे सहा, त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथेने उडवला तर वरकड एक. टचडाऊन जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून उडवता येतो. त्याला फील्ड गोल म्हणतात, त्याचे तीन. बहुधा तो चौथ्या डावात, नाइलाज म्हणून. खांबही दूर असतील, तर चौथ्या डावात चेंडू लाथेने समोरच्यांच्या अंगणात जितका लांब उडवता येईल तितका उडवायचा आणि नमस्कार करायचा.

"क्वार्टरबॅक हातात आलेला चेंडू त्राग्याने जमिनीवर का आपटतो?" त्रागा नाही तो. वेळ संपत आली, घड्याळ धावतंय, थांबवायला दुसरं साधन उरलं नाही, की चेंडू मुद्दाम आपटतात. जमिनीला लागला म्हणजे फेक वाया, म्हणजे घड्याळ थांबलं. किंमत एक डाव. म्हणून हे पहिल्या तीन डावांतच करायचं. चौथा डाव आपटण्यात घालवला तर चेंडूच जातो. हे इथल्या पोरांना चालायला येण्याआधी कळतं.

तू डाव कसे मोजतोस तेही वहिनींनी कळवलं. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, जपासारखे. शास्त्रीबुवा धन्य झाले असते. किंवा नसते.

अर्लची मला थोडी काळजी वाटते. त्याची बायको वांडा गेल्या जानेवारीत गेली. काल त्याने मला कॉफी ओतली, किटली ठेवली, दोन वाक्यं बोलला, आणि भरलेल्या पेल्यात पुन्हा ओतली. मेजावर तळं झालं. "पेला लहान झालाय हल्ली," म्हणाला. मी म्हटलं, "हो, दुकानदार लबाड झालेत." मृण्मयी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाते. तो तिला ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनोज हा खेळ शिकवतो आणि हरला की सोंगट्या मोजून बघतो. ती त्याला "डॅडी" म्हणते. हे लिहू की नको असा विचार केला. लिहिलं.

तुझा
अनंता


८ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय भार्गव,

काल हरलो, दोन गुणांनी. बाद फेरीत जायची संधी गेली, हंगाम संपला.

शेवटी डाव मोजण्यात घोटाळा झाला. फील्ड गोल मारला असता तर जिंकत होतो. त्यासाठी घड्याळ थांबवायचं म्हणून आपल्या मुलाने चेंडू आपटला, पण तो डाव तिसरा नव्हता, चौथा होता. पंचांनी हात समोरच्यांच्या दिशेला केला. ट्रॅव्हिसने मैदानाच्या मधोमध उभं राहून सांगितलं की मोजायला तो चुकला.

मी जवळच होतो, पण माझं लक्ष साखळीकडे होतं. अधिक काही लिहिण्यासारखं नाही. इथे थंडी सुरू झाली आहे.

अनंता


१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय भार्गव,

तुझा कागद समोर आहे. "तुझे लक्ष साखळीकडे नव्हते. त्या वृद्ध गृहस्थांना दंडाला धरून तू उभा होतास, आणि काठीवरचा आकडा पाहून तुझे तोंड उघडे राहिले होते. काठीवर तीन होते. डाव चौथा होता. मी मोजला होता. मग प्रशिक्षक खरे का सांगत नाहीत?"

'प्रशिक्षक' या शब्दाआधी तू काहीतरी लिहून खोडलं आहेस. खोडताना शाई जरा जास्त वापरायला हवी होती. 'जावई' स्वच्छ वाचता येतं.

ठीक. तुला सगळं सांगतो, आणि ते तुझ्याजवळच राहू दे.

तिसऱ्या डावात आमचा गडी चेंडू घेऊन कडेकडेने आला आणि रेषेच्या आतच, पण थेट अर्लच्या पायांपाशी तिघांनी त्याला लोळवलं. अर्ल मागे उडी मारायला गेला. ऐंशीला आलेला माणूस, काय उडी मारणार! कोलमडला. काठी हातातून सुटली. मी धरला म्हणून डोकं वाचलं. त्याने काठी उचलली, चेंडूपाशी नेऊन उभी केली, आणि आकडा उलटायचा विसरला. घड्याळ धावत होतं. क्वार्टरबॅकने काठीकडे पाहिलं, तीन. ट्रॅव्हिसने काठीकडे पाहिलं, तीन. त्याने आपटण्याची खूण केली. मी तोंड उघडलं तोवर चेंडू जमिनीवर होता. पंच काठीवरून मोजत नाहीत. त्यांच्या बोटांत रबराचा फास असतो, तो ते दर डावाला पुढच्या बोटावर सरकवतात. त्यांचा हिशेब बरोबर होता.

ट्रॅव्हिसने काठीकडे एकदा पाहिलं, बापाकडे एकदा, आणि मैदानाच्या मध्यावर चालत गेला. पुढचं तुला माहीत आहे.

सोमवारी सकाळी डॉटीच्या खानावळीत तो अंडी खात असताना शेजारच्या मेजावरून आवाज आला, "काय कोच, बोटं कमी पडली का?"

"हो ना," तो म्हणाला, "चारच्या पुढे माझा गोंधळ होतो."

"तुझी बायको शिकलेली आहे म्हणे. तिला विचारायचं."

"विचारलं. ती म्हणाली, आधी खाऊन घे."

हसले सगळे, पण त्यातल्या दोघांनी शाळेच्या मंडळाला लिहून दिलं आहे की नवा कोच बघा. बैठक येत्या सोमवारी आहे. ट्रॅव्हिसने नुसतं काठीचं नाव घेतलं तरी त्याच्यावरचं सगळं उतरेल, आणि अर्लवर जाईल. या गावात अर्लला दुसरं काही उरलेलं नाही, भार्गवा. बायको गेली, कापसाची गिरणी बंद पडली. शुक्रवारची ती काठी आहे.

अर्लला कळलं का? कळलं. सामना संपल्यावर काठ्या कोठीत ठेवताना त्याने आकडा पाहिला. माझ्या गाडीत बसला, काचा वर केल्या, पण या वेळी ओरडला नाही. म्हणाला, "रिझ, तीनच होते ना?"

"माझं लक्ष साखळीकडे होतं."

"तुला खोटं बोलता येत नाही. लग्न करायला हवं होतंस, सवय झाली असती."

काल संध्याकाळी आम्ही दोघं ट्रॅव्हिसच्या ओसरीवर गेलो. अर्ल उभ्या उभ्याच म्हणाला, "मंडळाला मी सांगणार आहे. आकडा मी विसरलो."

ट्रॅव्हिस बूट पुसत होता. मान वर केली नाही. "डॅडी, मी सातवीत असताना काठी बघून खेळलो होतो. तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

अर्लने टोपी सारखी केली.

"म्हणाला होतात, काठी लोकांसाठी असते. खेळणाऱ्याने स्वतः मोजायचं. म्हणाला होतात की नाही?"

"म्हणालो असेन. मी तेव्हा फार बोलायचो."

"मग चुकलं कुणाचं? माझं. बसा आता. मृण्मयीने काहीतरी पिवळं केलंय, तिखट आहे, सावकाश खा."

पोहे होते. अर्लने दोनदा घेतले. पण सोमवारचं त्याने मनातून काढलेलं नाही, हे मला दिसतं.

तू विचारलंस, तो बोलत का नाही. मी कारण लिहिलेलं नाही, तुला लागत नसेल.

तुझा
अनंता


१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय भार्गव,

तुझ्या टोकाला काय झालं ते तुला ठाऊक आहे. या टोकाला काय झालं ते ऐक. ट्रॅव्हिसने मला सांगितलं, काही मृण्मयीने, आणि काही मी ट्रॅव्हिसच्या चेहऱ्यावरून ताडलं.

काल सकाळी फोन वाजला तेव्हा ट्रॅव्हिस पावाला लोणी लावत होता. "मी भार्गव पटवर्धन बोलतो आहे," असं तुझ्या त्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत ऐकल्यावर तो उठून उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. घरात, समोर कुणी नसताना, फोनवर. मग त्याला माझी शिकवणी आठवली. "यस सर, बाबा," म्हणाला.

तू म्हणालास, "तो डाव चौथा होता. मी मोजला होता."

"हो सर."

"काठीवर तीन होते."

यावर त्याने लोण्याची सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "सर, मोजायचं काम माझं होतं."

मग तू विचारलंस, "तुमच्या वडिलांना लागलं नाही ना?" आणि हे विचारताना तुझं व्याकरण चुकलं असं त्याचं म्हणणं. मी विश्वास ठेवला नाही.

"नाही सर. ढोपर खरचटलं. मृण्मयीने पट्टी बांधली."

"फोन तिला द्या."

ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ट्रॅव्हिसने फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर अंगणात गेला. तिथे जास्वंद नाही, म्हणून त्याने कुंपणाला पाणी घातलं.

दोन वर्षांनी तू काय म्हणशील याच्या तिने हजार कल्पना केल्या असतील. रागावशील, रडशील, सुनावशील. तू म्हणालास, "तुझा उजवा अंगठा दुखतोय का? ऑक्टोबरपासून तू पट्ट्या डाव्या हाताने बांधतेस."

भार्गवा, ती रोज आमच्यात वावरते. नवऱ्याला दिसलं नव्हतं, सासऱ्याला नव्हतं, मला तर नव्हतंच. अंगठा खरंच दुखतो आहे. घड्या घातलेल्या कपड्यांवर बसून ती रडली आणि मग म्हणाली, "बाबा, बर्फ लावतेय." तू म्हणालास, "बर्फाने काय होतंय, हळद लाव." आणि तुम्ही दोघं पाऊण तास त्यावर भांडलात. ट्रॅव्हिसने कुंपणाला इतकं पाणी घातलं की शेजारीण बाहेर आली.

मी तुला दंड नाकारण्याबद्दल कधी काही लिहिलं होतं का? आठवत नाही.

तुझा
अनंता


९ ऑगस्ट, रविवार

प्रिय भार्गव,

तू आणि वहिनी गुरुवारी पोचाल. मी आणि ट्रॅव्हिस घ्यायला येतो आहोत. तो 'बाबा' आता बरं म्हणतो. इथे पोचल्यावर तुझ्याशी पत्रव्यवहार बंद, म्हणून उरलेली कामं आताच उरकतो.

नोव्हेंबरातल्या बैठकीचं तुला मृण्मयीने अर्धंच सांगितलं आहे. अर्ल उभा राहिलाच. म्हणाला, "आकडा मी विसरलो. पोराला काढायचं असेल तर आधी मला काढा." मग त्याला काढलं; म्हणजे सगळे उठून उभे राहिले, आणि पुढच्या हंगामापासून अर्लने कुंपणाशी खुर्चीत बसावं असं ठरलं. ट्रॅव्हिस आहे तिथेच आहे. अर्ल खूष आहे, कारण खुर्चीतल्या माणसाला ओरडायला परवानगी असते. गाडीच्या काचांची झीज थांबेल.

पण आकड्याची काठी रिकामी झाली. ती कुणाला द्यायची यावर गावात बरीच चर्चा झाली. मोजता येणारे पुष्कळ आहेत, तोंड बंद ठेवणारा मिळेना. मी तुझं नाव सुचवलं. म्हटलं, पेरांवर मोजतो, चुकत नाही, आणि गप्प राहण्याचं म्हणाल तर दोन वर्षांचा दाखला आहे. अर्ल म्हणाला, "पाठव त्याला. आकडा उलटायला विसरला तर म्हणावं गाठ माझ्याशी आहे." नारिंगी बंडी मृण्मयीने तुझ्या मापाची करून ठेवली आहे. धोतरावर चालेल.

एक उत्तर द्यायचं राहिलं आहे. औषधोपचार करणाऱ्या व्यक्तीने मधल्या रेषेजवळ उभं राहावं असा नियम आहे काय, असं तू विचारलं होतंस. मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असा नियम नाही. चेंडू थांबला की कॅमेरा मधल्या रेषेवर येऊन विसावतो, एवढंच. तू बघत असतोस हे वहिनींनी तिला पहिल्याच शनिवारी कळवलं होतं.

या वर्षी काठीजवळ उभी राहीन म्हणते.

अनंता